आवाज केव्हा येतो, ते आधी सांगा

पिवळे पडलेले पान हातात घेऊन कुणी शेतकरी माझ्याकडे आला, की मी पहिला प्रश्न विचारतो, "हे पान झाडाच्या बुडाचे की शेंड्याचे?" पुष्कळांना या प्रश्नाचे नवल वाटते. पान पिवळे आहे हे साहेबांना दिसतेच आहे, मग बुड आणि शेंडा कशाला? पण सारी मेख तिथेच असते. बुडाची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर नत्र कमी पडल्याचा संशय घ्यायचा. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, तर लोह कमी पडल्याचा संशय घ्यायचा. पिवळेपणा एकच, पण कारण वेगळे आणि उपायही वेगळा. हे न विचारता दुकानातून पोते आणून टाकले, तर पैसा जातो आणि पीकही जाते.

वाचकहो, आज मात्र मी पिकाबद्दल लिहिणार नाही. आज लिहायचे आहे ते चारचाकी गाडीच्या आवाजाबद्दल. कृषी खात्यातल्या माणसाने गाडीबद्दल का लिहावे, असे तुम्ही म्हणाल. पण आता वस्तीवस्तीवर गाड्या आल्या आहेत. कुणाकडे जुनी जीप आहे, कुणाकडे माल वाहायची पिकअप, कुणाकडे घरच्यांसाठी घेतलेली सेकंडहँड कार. गाडी घेताना आपण चार लोकांना विचारतो. ती कुरकुरू लागली म्हणजे मात्र कुणाला काय विचारावे हेच कळत नाही. त्या अडाणीपणाची किंमत मी स्वतः एकदा मोजली आहे. खरे म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याने मोजली. ती हकीकत पुढे येईलच. आधी अण्णांची गोष्ट सांगतो.

अण्णा आमच्याच वस्तीवरचे. दोन वर्षांपूर्वी कांद्याचे चार पैसे हाती आले, त्यातून त्यांनी एक जुनी कार घेतली. म्हातारीला दवाखान्यात न्यायचे, मुलीला शिकवणीला सोडायचे, बाजारच्या दिवशी मागच्या सीटवर भाजीच्या जाळ्या टाकायच्या, असा तिचा उपयोग. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. चेहरा उतरलेला होता.

"साहेब, गाडीचा गिअरबॉक्स गेला," ते म्हणाले. "चाळीस हजारांचा खर्च सांगितलाय."

चाळीस हजार कुठून आणायचे हा प्रश्न नव्हता, ते घरात होते. पण ते मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले होते. पोरीला नर्सिंगला जायचे होते आणि फी भरायला आठ दिवस उरले होते. अण्णांचा बेत असा, की फी भरावी आणि गाडी तशीच चालवावी, नाहीतर दुभती म्हैस विकावी. वहिनींना दोन्ही पटत नव्हते. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हते.

मी विचारले, "गिअरबॉक्स गेला असे कोण म्हणाले?"

"गॅरेजवाला."

"त्याने गाडी चालवून पाहिली?"

"नाही. मी सांगितलं त्याला, गिअरबॉक्स घूं घूं वाजतोय, खोलायला किती लागतील? तो म्हणाला, चाळीस हजारांच्या घरात जाईल."

पाहा, वाचकहो! रोग अण्णांनीच ठरवला आणि औषधही अण्णांनीच मागितले. गॅरेजवाल्याने फक्त त्या औषधाची किंमत सांगितली. त्याला लबाड म्हणायचे कारण नाही. आपण कृषिकेंद्रात जाऊन "कपाशीवर कीड पडलीय" असे म्हणत नाही; "अमुक औषधाचा डबा द्या" म्हणतो, आणि तो डबा मिळतो. तसेच हे झाले.

मी अण्णांना म्हटले, "फी भरायची की म्हैस विकायची, ते चार दिवस बाजूला ठेवा. आणि माझ्याशिवाय गाडी बाहेर काढू नका." दुसरे वाक्य मी जरा जोरातच बोललो असेन, कारण ते चमकून माझ्याकडे पाहू लागले. मग त्यांना मी १९९९ सालची गोष्ट सांगितली. तीच तुम्हांलाही सांगतो.

त्या वेळी मी नोकरीत नवखा होतो. अंगात हुरूप होता आणि थोडी गुर्मीही होती. आम्हांला फिरतीसाठी एक जुनी जीप होती आणि तिच्यावर एक वयस्क ड्रायव्हर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. एके दिवशी काका म्हणाले, "साहेब, जीप हळू चालवली की खालून चिमणी ओरडल्यासारखी चीं चीं करते. क्रॉस कोरडा पडलाय. बदलून घेऊ." मी म्हटले, "रब्बीच्या सभा संपू द्या." पुढे चीं चीं थांबली. मला वाटले, बरे झाले. पण आता गाडी उचलताना खालून "टण्" असा एक ठोका ऐकू येऊ लागला. पुढे जाऊन मागे घेतली, म्हणजे रिव्हर्स टाकला, की पुन्हा "टण्". काकांनी दुसऱ्यांदा सांगितले. तेव्हा मी जे उत्तर दिले ते आजही आठवले की मान खाली जाते. मी म्हणालो, "काका, आवाज येतोय म्हणजे गाडी चालतेय. बंद पडली की बघू."

चार दिवसांनी घाट चढताना खालून मोठा धडाका झाला, इंजिन नुसतेच ओरडू लागले आणि जीप जागच्या जागी थांबली. काकांनी पायाचा ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि काय झाले ते पाहायला खाली उतरले. मी शेजारच्या सीटवरच बसून होतो. काका उतरताच जीप मागे सरकू लागली.

त्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नसे. गिअरबॉक्समागून निघणारा जो लांब दांडा मागच्या चाकांना फिरवतो, त्या दांड्याच्या मुळाशी तो लागत असे. दांडा तुटून पडला की हँडब्रेक ओढला काय आणि नाही ओढला काय, दोन्ही सारखेच. गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही, कारण इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. मागे दरी होती. काकांनी रस्त्याकडेचा एक दगड उचलला आणि पळत जाऊन मागच्या चाकाखाली घातला. जीप थांबली. पण दगड आणि चाक यांच्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे सापडली.

बोटे राहिली, पण वाकडी झाली ती झालीच. काका त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्याच हाताने गिअर टाकत होते. "मी सांगितलं होतं, साहेब," असे ते मला एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरे वाटले असते.

ही गोष्ट ऐकून अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सांगा साहेब, काय करायचं?"

आधी त्यांना गाडी कशी चालते हे समजावून दिले. तुम्हीही समजून घ्या, अवघड नाही. इंजिनात ताकद तयार होते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा आणि सोडणारा दुवा म्हणजे क्लच. गिअरबॉक्स हा ताकद आणि वेग यांचा हिशेब घालतो: चढाला ताकद जास्त, वेग कमी, सपाटीला वेग जास्त, ताकद कमी. तिथून ती ताकद चाकांकडे जाते. जीपमध्ये आणि बहुतेक पिकअपमध्ये ती लांब दांड्याने, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टने, मागच्या चाकांकडे जाते. मागचा भाग पाट्यांवर खालीवर होतो, म्हणून त्या दांड्याला वाकता येईल असे सांधे असतात. त्या सांध्यातला चार हातांचा तुकडा म्हणजे क्रॉस. काकांनी बदलायला सांगितला होता तो हाच.

१९८३ साली मारुती ८०० आली आणि आपल्याकडे पुढच्या चाकांनी ओढणारी कार घरोघरी माहीत झाली. अशा कारला लांब दांडा नसतो. गिअरबॉक्स पुढेच असतो आणि त्यातून दोन आखूड दांडे निघून पुढच्या दोन चाकांना फिरवतात. यांना गॅरेजवाले ॲक्सल म्हणतात. अण्णांची कार याच जातीची.

दोन्ही प्रकारांत डिफ्रन्शियल नावाची एक युक्ती असते. खळ्यात तिवड्याभोवती पात फिरते तेव्हा तिवड्याजवळचा बैल सावकाश चालतो आणि बाहेरच्या कडेचा बैल पळतो, हे जुन्या मंडळींनी पाहिलेले आहे. वळणावर गाडीच्या चाकांचे तसेच होते. आतले चाक कमी फिरते, बाहेरचे जास्त. दोघांना आपापल्या चालीने फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे डिफ्रन्शियल.

आणि शेवटी प्रत्येक चाकाच्या मध्यभागी बेअरिंग. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो. नाही घातले तर तुंबा कुरकुरतो आणि चार शेतांपलीकडून कळते की अमक्याची गाडी आली. बेअरिंगचे काम तेच, फक्त त्याचे वंगण आतच बंद करून ठेवलेले असते.

अण्णांची मुलगी दारात उभी राहून हे ऐकत होती. तिला मी म्हटले, "एक वही घे. गाडीत तू बसायचे आणि लिहायचे. आवाज कुठून येतो ते लिहू नकोस, त्यात कान फसतो. लोखंडातून आवाज धावतो आणि भलतीकडेच ऐकू येतो. आवाज केव्हा येतो आणि केव्हा जातो, तेवढेच लिही."

१८१६ साली फ्रान्समध्ये रेने लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि कान दिला. त्यातूनच पुढे डॉक्टरांच्या गळ्यातली नळी आली. पण डॉक्टरसुद्धा नुसती नळी लावत नाही. तो "श्वास घ्या", "सोडा" असे सांगत जातो आणि आवाज कशाने बदलतो ते ऐकतो. आम्हांला नेमके तेच करायचे होते.

पहिला प्रश्न होता: कधीपासून? मुलीला आठवत होते. ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत होते तेव्हा अण्णांनी गाडी पाण्यातून काढली होती. चाके अर्धी बुडाली होती. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी घूं घूं सुरू झाली. अण्णांनी ही गोष्ट गॅरेजमध्ये सांगितलीच नव्हती. त्यांना तिचे महत्त्व वाटले नव्हते.

दुसरा प्रश्न: गाडी उभी असताना आवाज येतो का? अंगणात गाडी उभी करून, गिअर मोकळा ठेवून इंजिन जोरात फिरवून पाहिले. आवाज नाही. म्हणजे इंजिनावरचा संशय बराचसा गेला. तसेच उभ्या गाडीत क्लच दाबून आणि सोडून पाहिला, तरीही काही नाही. क्लच दाबताच घरघर सुरू झाली असती, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे पाहिले असते. क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबताच शांत, असे असते तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा संशय आला असता. मुलीने लिहिले: "उभी असताना नाही."

मग आम्ही धरणाकडच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर गेलो. गाडी मी चालवत होतो, वेग मुद्दाम कमी ठेवला होता. तिसरा प्रश्न: आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकांबरोबर? वेग चाळीसवर ठेवून आधी तिसरा गिअर, मग चौथा. गिअर बदलला की इंजिनाचे फेरे बदलतात, चाकांचे तेच राहतात. घूं घूं दोन्ही वेळा सारखीच. मग सपाटीवर क्षणभर गिअर मोकळा केला, इंजिन मात्र चालू ठेवले. आवाज तसाच, आणि गाडी जसजशी हळू झाली तसतसा तोही खाली आला. मुलीने लिहिले: "गिअरशी संबंध नाही. चाकांशी आहे."

चौथा प्रश्न: रस्ता बदलला की आवाज बदलतो का? टायर एकीकडे झिजले तरी असाच घुमणारा आवाज येतो आणि त्यात माणूस फसतो. पण टायरचा आवाज डांबरी रस्त्यावर एक आणि सिमेंटच्या रस्त्यावर दुसरा येतो. आमचा आवाज दोन्हीकडे एकच राहिला.

पाचवा प्रश्न सांगायच्या आत मुलगीच म्हणाली, "काका, डावीकडे वळताना आवाज वाढतो, उजवीकडे वळताना कमी होतो. मघापासून तीनदा झालं." मी गाडी चालवण्याच्या नादात होतो, माझ्या ते ध्यानात आले नव्हते. कडब्याने भरलेली बैलगाडी डावीकडे वळली की भार उजव्या बाजूला कलतो. कारचेही तसेच. डावीकडे वळताना उजव्या चाकावर भार येतो आणि दुखरे बेअरिंग जास्त ओरडते. म्हणजे दुखणे उजव्या बाजूला होते.

घरी येऊन सपाट जागेवर हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, आणि उजवे पुढचे चाक जॅकवर उचलले. वरून एक आणि खालून एक हात धरून चाक हलवले. थोडी हालचाल हाताला लागली. मग गिअर मोकळा ठेवून चाक हाताने सावकाश फिरवले, आणि दुसऱ्याने आतल्या स्प्रिंगवर बोट ठेवले. बोटाला खरखर जाणवत होती, जात्यात खडा आल्यासारखी. तुलनेसाठी डावे चाक तसेच फिरवून पाहिले. ते गुळगुळीत फिरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच गॅरेजमध्ये गेलो. या वेळी अण्णा काही बोलले नाहीत. मुलीने वही पुढे केली. गॅरेजवाल्याने पाच ओळी वाचल्या, गाडी स्वतः एक चक्कर चालवून आणली आणि म्हणाला, "उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आहे. हे परवाच सांगायचं ना!" ओढ्याचे पाणी आत शिरून वंगण खराब झाले होते आणि गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडले होते. सामान आणि मजुरी धरून साडेतीन हजार रुपये झाले. फी वेळेवर भरली गेली. म्हैस अजून दारात आहे.

तुम्ही म्हणाल, साहेबांनी साडेछत्तीस हजार वाचवल्याची बढाई मारली. तसे नाही. खर्च नेहमीच कमी निघेल असे मी म्हणत नाही. एखाद्या वेळी खरोखरच गिअरबॉक्स निघेल. पण ते बेअरिंग तसेच ठेवले असते, तर आज ना उद्या चाक जाम झाले असते किंवा डगडगून निसटले असते, आणि त्या गाडीत म्हातारी आणि मुलगी बसत होत्या. खर्चाला भिऊन "चालतेय तोवर चालवू" म्हणणारा मीही एकदा होतो. म्हणून सांगतो, आवाजाची भीती धरू नका, पण त्याच्याकडे काणाडोळाही करू नका.

आता आणखी काही खुणा सांगतो, त्या ध्यानात असू द्या.

पुढच्या चाकांनी ओढणारी कार स्टिअरिंग पुरते वळवून चालवताना "कट् कट् कट्" असे वाजले, तर ॲक्सलच्या बाहेरच्या सांध्यावर संशय घ्या. त्या सांध्यावर रबराचे बूट असते. ते फाटले की ग्रीस बाहेर उडते, धूळ-चिखल आत जातो. चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसले, तर आवाजाची वाट पाहू नका. सांधा चांगला आहे तोवर बूट बदलले की थोडक्यात भागते.

मागच्या चाकांच्या गाडीत हळू चालताना चीं चीं, मग गाडी उचलताना "टण्", पुढे अंगाला जाणवणारी थरथर, ही क्रॉस जाण्याची पायरीपायरीची वाट आहे. माझ्या जीपने ती पूर्ण चालून दाखवली. चीं चीं आपोआप थांबली म्हणजे दुखणे बरे झाले असे समजू नका. ज्या क्रॉसला ग्रीसचे निप्पल आहे, त्याला वेळच्या वेळी ग्रीसगन लावा.

ॲक्सिलरेटर दाबला की मागून "ऊंऽऽ" आणि सोडला की तो आवाज बदलतो किंवा थांबतो, असे असेल तर डिफ्रन्शियल पाहून घ्या. पुष्कळदा त्यातले तेल कमी झालेले असते. पाण्यातून गाडी काढली असेल तर तेलाचा रंगही पाहा. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. ते तेल बदललेच पाहिजे.

चढाला, ओझे असताना इंजिन ओरडते पण गाडी पुढे रेटत नाही आणि जळका वास येतो, तर क्लचप्लेट झिजली आहे. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांना इथे एक सांगणे आहे. क्लचवर नुसता पाय टेकवून ठेवायची सवय सोडा. त्याने क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग दोन्ही वेळेआधी जातात.

गाडी सुरू करताना, बंद करताना किंवा उचलताना "धप्" असा आवाज आणि हिसका आला, तर इंजिन ज्या रबरांवर बसलेले असते ती फाटली आहेत का ते पाहा. गॅरेजवाले त्यांना फाउंडेशन म्हणतात. हे दुखणे गिअरबॉक्सच्या नावावर खपून जाते.

आणि मोठ्या खर्चाला हात घालण्याआधी डिकीतला जॅक मोकळा आहे का, पाने खळखळताहेत का, टायरच्या खाचेत खडा अडकला आहे का, खालचा पत्रा सुटला आहे का, हेही पाहून घ्या. यात पैसा लागत नाही.

काही आवाजांना मात्र वही काढत बसू नका, तिथल्या तिथे गाडी थांबवा. चाकाजवळून ठोके येऊ लागले आणि ते वाढत चालले, तर चाकाचे नट ढिले असू शकतात. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर ब्रेकचे अस्तर संपले आहे. खालून एकदम धडाका होऊन इंजिनाची ताकद चाकांना मिळेनाशी झाली, तर पायाचा ब्रेक सोडू नका. आधी दुसऱ्याला उतरवून चाकांना दगड लावायला सांगा, तेही हात चाकाखाली न घालता. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. उतारावर गिअर मोकळा करून किंवा इंजिन बंद करून कसलीही परीक्षा करू नये. ज्याला गाडी नीट येते त्याने चालवावे, ऐकण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

आमच्याकडे ते काम मुलीने केले, आणि ते चांगले केले याचे कारण तिला भागांची नावे ठाऊक नव्हती. अण्णांना एक नाव ठाऊक होते, तेच ते धरून बसले. जे कानांनी ऐकले तेवढेच पोरीने लिहिले. उद्या दवाखान्यात रोग्याच्या उशाशी उभी राहील तेव्हाही तिला हेच करायचे आहे.

काका आता थकले आहेत. दिवाळीला मी त्यांच्या गावी जातो. ते त्याच हाताने चहाची कपबशी पुढे करतात आणि दर वेळी विचारतात, "साहेब, गाडी काय म्हणतीय?" पूर्वी मी "ठीक आहे" म्हणून वेळ मारून नेत असे. आता मला ठाऊक असते ते सगळे सांगतो, आणि ते मान हलवत ऐकून घेतात.

तुमच्या गाडीत एक वही आणि पेन्सिल ठेवा. नवा आवाज ऐकला की त्याच दिवशी लिहा: कधीपासून, उभी असताना की चालताना, कोणत्या वेगाला, गिअर बदलल्यावर काय, वळणावर काय, ओझ्याने काय, ब्रेक दाबल्यावर काय. घरातल्या पोरांना लिहायला सांगा, त्यांचे कान तिखट असतात. आणि गॅरेजवाल्याकडे जाल तेव्हा कुठल्या भागाचे नाव न घेता ती वही त्याच्या हाती द्या.